बाप आजारी नव्हता

श्रेणिक मगदूमला खोटं बोलता येत नव्हतं. गुण म्हणून कौतुकानं सांगावं अशातली ही गोष्ट नव्हे. ह्या खोडीपायी त्याची नोकरी गेली, आणि पुढं जे गेलं ते नोकरीपेक्षा मोठं होतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो मोल्डर होता. दिवसभर वाळूचे साचे करायचे, त्यात रसरशीत लोखंड ओतायचं, आणि संध्याकाळी काळ्या तोंडानं सायकल हाणत रुकडीला घरी. अठ्ठ्याहत्तर साली संप झाला. संपात कुणीतरी भट्टी थांबवली आणि आतलं लोखंड आतच गोठून बसलं. मालकानं एकेकाला केबिनमध्ये घेतलं आणि विचारलं, कुणी केलं? चाळीस जण छताकडं बघून बाहेर आले. श्रेणिक म्हणाला, "मीबी हुतो की त्यात."

चाळीस जण कामावर परत गेले. हा एकटा घरी.

सहा महिने रानात बापाच्या मागं फिरला. दोन एकर रान, त्यात थोरला भाऊ शांतिनाथ आधीच राबतोय. तेवढ्यात दस्तगीर आला. दस्तगीर शिवाजी पेठेतला, त्याच फौंड्रीतला वेल्डर. वर्षाखाली ओमानला गेलेला, सुट्टीवर आलेला. म्हणाला, "मगदुमा, हितं काय ढेकळं मोजत बसलाईस? चल तिकडं. एजंट माझ्या वळखीचा हाय."

श्रेणिकचे वडील भूपाल मगदूम. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. आप्पा जुन्या वळणाचे जैन. सूर्य बुडाला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. ते एवढंच म्हणाले, "दर्शनाला देऊळ न्हाय, उजेडी जेवण न्हाय. तिथं कसा ऱ्हाशील बाळा?"

आणि निघायच्या दिवशी, पोराच्या वळकटीला सुतळी बांधत बसलेल्या म्हाताऱ्याला श्रेणिक बोलून गेला, "तुमची दोन एकर आन् तुमचा धरम, दोन्ही घेऊन बसा हितंच. त्यानं माझं पोट भरत न्हाय."

आप्पांचे हात थांबले. मग त्यांनी गाठ मारून घेतली. श्रेणिक पाया न पडताच एस्टीत बसला.

ओमानात सोहार म्हणून समुद्राकाठचं गाव आहे. त्याच्या बाहेर कंपनीचा पत्र्याचा कॅम्प होता. एका खोलीत आठ माणसं. पोचल्या दिवशीच कंपनीनं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि दूर मस्कतच्या ऑफिसात कपाटात टाकले. माणूस आपला, कागद त्यांचा. ह्याला ते लोक करार म्हणतात!

एकोणऐंशीचा ऑगस्ट, रमजानचा महिना. आणि शांतिनाथची तार आली: आप्पांनी सल्लेखना घेतली, ताबडतोब निघ.

दस्तगीरनं विचारलं, "म्हंजे काय रं?"

श्रेणिकनं सांगितलं. देह थकला, आता त्याच्याकडनं धर्म व्हायचा नाही, असं जाणत्या माणसाला वाटलं की तो मुनी महाराजांपुढं व्रत घेतो. आधी धान्य सोडायचं, मग दूध, मग ताक, शेवटी नुसतं पाणी. मग तेही नाही. मरण येतं त्याला सामोरं जायचं. पण त्याआधी जन्मात ज्याच्याशी वाकडं आलं त्या प्रत्येकाची माफी मागायची आणि प्रत्येकाला माफ करायचं. मन कुठं अडकलेलं चालत नाही.

रजा देणारा मॅनेजर आठवडाभर मस्कतला गेलेला. तो परतला त्याच दिवशी पत्र आलं. शांतिनाथनं लिहिलं होतं: "आप्पांची सगळ्या गावाची क्षमा मागून झाली. बांधाच्या भांडणातल्या हंबीररावाच्यासुद्धा दारात गेले. तुझी एकट्याची राहिलीय. रोज विचारतात, श्रेणिक आला का. आता ताकावर आहेत."

पत्र यायला आठ दिवस लागलेले. म्हणजे ताक सुटलं असणार.

श्रेणिक कॅम्प मॅनेजरकडं पळाला. मॅनेजर आपल्याच देशाचा, पंख्याखाली बसलेला. तातडीची रजा फक्त दोन गोष्टींना मिळायची: घरचं माणूस मेलं, नाहीतर मरणाच्या आजारात आहे. त्यानं फॉर्म पुढं ओढला आणि हिंदीत विचारलं, "बाप बीमार है?"

एक शब्द. हो म्हणायचं होतं. मान नुसती हलवली असती तरी चाललं असतं.

"नहीं साब," श्रेणिक म्हणाला. "बीमार नहीं. खाना छोड दिया है."

"क्यूं? भूख हडताल? किसके खिलाफ?"

"किसीके खिलाफ नहीं साब. व्रत है."

मॅनेजर हसला. फॉर्मवर त्यानं लिहिलं, बाप आजारी नाही. आणि म्हणाला, "तो फिर तार भेज दे, बोल खाना खा ले."

खोलीत दस्तगीरनं आकाशपाताळ एक केलं. "आजारी हाय म्हणाया तुझ्या बापाचं काय जात हुतं रं? दोन अक्षरं!"

"आप्पांच्या व्रताला आजार म्हणू? वर गेल्यावर त्यांना तोंड कुठलं दावू?"

"वर जाशील तवा जाशील! आधी खाली रुकडीला जातोस का न्हाय ते बघ की भावा!"

दुसऱ्या दिवशी दस्तगीर स्वतः मॅनेजरपुढं गेला, बाप फार आजारी आहे म्हणाला. मॅनेजरनं फॉर्म दाखवला. "कल तो ठीक था." संपलं. खोटं बोलायची वेळ एकदाच येते, ती गेली की दस्तगीरसारख्या पेठेतल्या बहाद्दराचीही जीभ लुळी पडते.

तिसऱ्या दिवशी दुपारी श्रेणिक कुणाला न सांगता गेटबाहेर पडला. मस्कत सव्वादोनशे किलोमीटर. तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन पाय धरायचे, एवढंच डोक्यात. डांबर पाघळलेलं, सावली कुठं नाही. रमजानातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यात पोटात अन्न नव्हतं. मेस दिवसा बंद, ताटं पडायची सूर्य बुडाल्यावर, आणि सूर्य बुडाल्यावर हा जेवायचा नाही. दहा-बारा दिवस पहाटे मिळणारा पाव उजाडेपर्यंत राखून तो त्यावरच काढत होता. दोन मैलांवर तो रस्त्याच्या कडेला बसला, तो बसलाच.

मासळीच्या वासाची एक पिकअप पुढं जाऊन थांबली आणि मागं आली. चालवणारा पांढऱ्या दाढीचा बलुची म्हातारा, तिथलाच. नाव इमाम बख्श. हिंदी मोडकीतोडकी, मासळीच्या व्यापारात शिकलेली.

"मरना है, हिंदी? बैठ."

गाडीत श्रेणिकनं सगळं सांगितलं. मराठी, हिंदी, जे तोंडाला येईल ते. म्हाताऱ्याला पहिल्यांदा समजेना.

"रोजा रखा है तेरा बाप?"

"हां बाबा. रोजा. लेकिन ये रोजा छोडनेका नहीं."

इमाम बख्शनं गाडी कडेला घेतली. त्या दिवशी त्याचाही रोजा होता, ओठ पांढरे पडलेले. का, कशाला, असलं कसलं वेडेपण, काहीएक विचारलं नाही. खोलीतल्या सात जणांना समजावून श्रेणिकचा घसा बसला होता, आणि हा म्हातारा एवढंच म्हणाला, "और तेरेसे नाराज है?"

"हां."

"तो जल्दी करना पडेगा."

त्यानं गाडी सरळ कॅम्पावर घातली. मॅनेजरच्या केबिनमध्ये त्यानं अरबीत जो आवाज लावला, तो ऐकून शेजारच्या शेडमधलं काम थांबलं. तिथलाच माणूस म्हटल्यावर मॅनेजर उठून उभा राहिला, खुर्ची दिली, हो हो म्हणाला. पण पासपोर्ट मस्कतच्या कपाटात, कपाटाचा साहेब सुट्टीवर, ईदनंतर येणार. मॅनेजर खोटं बोलत नव्हता. तेवढं एकच खरं तो त्या दिवशी बोलला, आणि त्यावर कुणाचाच इलाज नव्हता.

बाहेर येऊन इमाम बख्श खाली थुंकायला गेला आणि रोजा आठवून थांबला. "बाबाके पास नहीं जा सकता. बाबाके गाँवमें टेलिफोन है?"

होता. रुकडीत एका किराणा दुकानात. त्याचा नंबर शांतिनाथनं एका पत्राच्या कडेला लिहिला होता.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं त्याला घरी नेलं. बायको कुलसुम, नाकात मोठी नथ, हात पिठानं भरलेले. रोजा सोडायला अजून अर्धा तास होता. श्रेणिक अंधारात जेवत नाही हे नवऱ्यानं तिला सांगितलं तशी ती बाई लगबगीनं उठली. मासळीचं भांडं तिनं लांब सारलं, हात धुतले, वेगळ्या तव्यावर भाकरीसारखी जाड रोटी भाजली, दूध दिलं, खजूर दिला. स्वतः दिवसभराची उपाशी, तहानलेली, आणि दारात उभं राहून सूर्याकडं बघत ह्याला म्हणते कशी, "जल्दी बेटा, गिरता है, गिरता है!" सूर्य कधी बुडतोय म्हणून सगळं गाव ताटकळलेलं, आणि ही बाई एका परक्या पोरापायी तो थोडा थांबावा म्हणून बघत उभी. श्रेणिक भराभर जेवला, कारण ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं मस्कतला निघाले. टेलिफोन ऑफिसात दहाला नंबर लावला. मस्कतहून मुंबई, मुंबईहून कोल्हापूर, कोल्हापूरहून रुकडी. बारा वाजले. दोन वाजले. लाइन मुंबईपर्यंत जायची आणि मरायची. इमाम बख्शचा मासळीचा सौदा त्या दिवशी बुडाला असणार. तो भिंतीला टेकून तसबीहचे मणी फिरवत बसून राहिला. श्रेणिक म्हणाला, "बाबा, तुम जाओ." म्हाताऱ्यानं ऐकलंच नाही.

साडेतीनला पुकारा झाला. तीन मिनिटं मिळणार होती. सुदैवानं शांतिनाथ दुकानातच होता. महाराजांसाठी काही न्यायला आला होता.

"शिरण्या? कुठनं बोलतुयास? कवा येतुयास?"

"येता येत न्हाय दादा. आप्पा कसं हाईत?"

"कालपासनं पाणी सोडलंय. मौन घेतलंय. आता बोलायचं न्हाईत. तुझा काय निरोप असंल तर सांग, कानात सांगतो. बोल लवकर."

श्रेणिकनं तोंड उघडलं. बोलायचं होतं ते गेलं वर्षभर पाठ केल्यासारखं तयार होतं. पण तोंडातनं फक्त हवा यायला लागली. खरं बोलणारा माणूस, आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलायचं होतं तेव्हा मुका झाला. तिकडनं शांतिनाथ ओरडतोय, "आरं बोल की! बोल की बाबा!" मिनिट गेलं. दुसरं गेलं.

इमाम बख्शनं त्याच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला. मासळीच्या लिलावात पार समुद्रापर्यंत जाणारा तो आवाज.

"ओ भाई! बाबाको बोलो! तुम्हारा बेटा इधर रोता है! माफी माँगता है! बाबाको बोलो, माफ करो! सुना?"

ऑफिसातली सगळी माणसं वळून बघायला लागली. तिकडनं शांतिनाथचा आवाज आला, "कोण बोलतंय? कोण पावणं?" आणि लाइन गेली.

परत नंबर लावला. संध्याकाळपर्यंत लागला नाही.

दोन दिवसांनी तार आली, आप्पांची समाधी झाली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. शांतिनाथ त्याच बापाचा मुलगा, त्यानं जसं झालं तसं लिहिलं: "तुझा निरोप कानात दोनदा सांगितला. पावण्यांचा आवाज होता तेही सांगितलं. आप्पांचे डोळे मिटलेले होते. ऐकलं का नाही सांगता येत नाही. काही खूण केलेली मला दिसली नाही."

दस्तगीरनं पत्र वाचलं आणि फेकलं. "दिसली म्हणून ल्ह्यायला काय धाड भरली हुती ह्याला? अख्खं खानदानच असलं!"

करार संपवून श्रेणिक एक्क्याऐंशी साली परत आला. ज्या खोलीत आप्पा होते तिथं आता बियाणाची पोती होती. निरोप सांगितला त्या दिवशी जे जे खोलीत होते त्यांना तो एकेक करून गाठत गेला. हात हलला का? डोळे उघडले का? शाळेचे गुरुजी म्हणाले, लक्ष नव्हतं. हंबीरराव म्हणाले, मी दारात हुतो, गर्दी हुती. शांतिनाथ म्हणाला, "कितींदा सांगू? मला दिसलं न्हाय."

शेवटी तो गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या चिमणाबाईकडं गेला. दारातच तिच्या सुनेनं सांगितलं, आत्याबाईंना कशाला विचारताय, आप्पा गेले तवा त्या मिरजेला दवाखान्यात होत्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

आतनं म्हातारीनं हाक मारली. श्रेणिकचा हात धरून चटईवर बसवलं. त्यानं काही विचारायच्या आधीच म्हणाली, "उचलला की हात. असा. छातीपातुर. माज्या म्होरं उचलला, ह्या डोळ्यांनी बघितलं म्या. पोरगं आलं म्हणून समजलं त्यास्नी."

सून चुलीकडं वळली आणि लाकडं पुढं सारायला लागली.

श्रेणिकनं चिमणाबाईच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय का मावशी?"

"व्हय तर!"

"किती वर उचलला?"

तिनं परत दाखवलं.