रॅम्पवर थांबलेली गाडी

चंदीगड हे सपाट शहर. विजेची गाडी चढावर तपासायची तर आधी चढ शोधावा लागतो. आमच्या विभागाला तो तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर सापडला, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी प्रमुख पाहुण्यांना प्रात्यक्षिकही तिथेच दाखवायचे ठरले.

गाडी सहा जणांची. फोटोत यायचे म्हणून आठ बसले. चालवत मी होतो. शेजारी लॅपटॉप घेऊन माझी पीएचडीची विद्यार्थिनी, अकोल्याची. गाडीत बसवलेली कायम चुंबकाची मोटर विभागात एकच होती आणि तिच्यावरची शेवटची मोजमापे अजून व्हायची होती. हवा तेवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमीत कमी करंटमध्ये काढायचा, हा तिचा विषय. पण चुंबक तापला की कमजोर होतो, तेवढ्याच जोराला करंट जास्त लागतो आणि मोटर आणखी तापते. त्यातही ओढत राहिले तर चुंबकाची शक्ती कायमची जाते. म्हणून मोटर फार तापली की करंट आपोआप कमी व्हावा, अशी मर्यादा तिने कंट्रोलरमध्ये घातली होती.

रॅम्पवर येण्याआधी गाडीने मान्यवरांना उन्हात आवारभर मिरवले होते. अर्ध्या रॅम्पवर जोर ओसरला. मी ब्रेक दाबून धरला.

"क्या हुआ जी?" मागून विभागप्रमुखांनी विचारले.

"मोटर गरम है सर, लिमिट लग गई," ती म्हणाली.

"तो हटा दो लिमिट. दो मिनट की बात है."

"हमारे पिंड में तो ऐसे टाइम ट्रैक्टर बुला लेते हैं," पाहुण्यांना आपले गाव आठवले. मागचे सगळे हसले. पाहुण्यांच्या विनोदाला हसायलाच ते आले होते.

"सर, काढू का?" तिने मला हळूच मराठीत विचारले. तिचे बोट कीबोर्डवर होते.

"हातही लावू नकोस."

"बेटा, सुना नहीं?" विभागप्रमुखांचा आवाज चढला.

तिने लॅपटॉप मिटला आणि मागे वळली. "सर, चार लोग उतर जाएँ तो चढ़ जाएगी."

कोणी हलेना. चढताना कोण आधी, हे सगळ्यांना पाठ होते. उतरताना कोण आधी, याचा शिरस्ता कुठेच नव्हता. शेवटी पाहुणेच गळ्यातला हार सावरत उतरले, तसे बाकीचे घाईघाईने उतरले. गाडी हळूहळू वर चढली. मागून मान्यवर पायी आले.

मोटर निवेपर्यंत आम्ही प्रयोगशाळेत थांबलो. मग करंट न देता ती दुसऱ्या मोटरने फिरवली. चुंबक खचला असता तर व्होल्टेज कमी आले असते. विभागप्रमुख दारात उभे राहून विचारत होते, पेपरला कुठला फोटो द्यायचा. तिचे लक्ष मीटरवर होते. आकडा जुनाच आला. तिचा विश्वास बसेना, पुन्हा मोजले.

"शाबूत आहे, सर," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा मोजायला लागली.