ताईसाठी समोरच्या डोंगरावरची खोली

नागासाकीच्या मासळी बाजारामागे मिसाओचं माशाच्या वड्यांचं दुकान. बाई सत्तरीला टेकलेली, पण हात भरभर चालायचे आणि तोंड त्याहून भरभर. सुट्टी घ्यायची ती फक्त नव्या वर्षाला, तीही घर झाडायला.

अशा मिसाओनं एका सकाळी शेजारच्या केस कापणाऱ्या तोमेला जाहीर केलं, "मी इनासा डोंगरावरच्या हॉटेलात राहणार. सगळ्यात भारी खोलीत!"

"अगं, ते तर तुझ्या खिडकीतून दिसतं!"

"दिसतं, पण जेवण वाढतं का खिडकीतून?"

खरी गोष्ट अशी, की गोतो बेटावरून थोरली बहीण हात्सुए यायची होती. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच मिसाओला पाठीवर बांधून वाढवलं. अजूनही बोटीतून उतरून घरी आली, की चहा प्यायच्या आधी भांडी घासायला बसायची. हाताला धरून उठवलं तरी ऐकायची नाही. हॉटेलात मात्र घासायला भांडंच सापडणार नव्हतं!

मिसाओनं हॉटेलला फोन लावला. पलीकडची मुलगी फार अदबीनं बोलत होती.

"कुठून येणार आपण?"

"समोरच्या उतारावरून."

"मग गाडी नको असेल ना?"

"हवी तर! धक्क्यावर पाठवा. ताई बोटीतून उतरली, की दार उघडायला माणूस हवा."

हात्सुएला कळलं तशी ती कडाडली, "घरात गाद्या असताना हॉटेल? वेड लागलंय तुला!" आणि फोन आपटला. मिसाओ हिरमुसली. दिवसभर वड्या तळताना दोनदा हात भाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

"मिसाओ, त्या खोलीतल्या आंघोळीच्या टाकीतून बंदर दिसतं म्हणालीस?"

"दिसतं ताई."

"दिवे लागल्यावर?"

"तेव्हा तर बघत राहावं असं!"

"मग एका रात्रीत काय होतंय? दोन सांग. आणि हे बघ, मी तिथं कुठल्याही कामाला हात लावणार नाही, आधीच सांगून ठेवते!"

मिसाओला हसू आवरेना. कढईखालची आच बंद करून ती पिठाच्या हातांनीच तोमेकडे धावली. "तोमे, शनिवारची सगळी गिऱ्हाइकं घालव! आम्हा दोघींचे केस करायचेत!"