वरणातलं तूप

वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून आधी शून्य करायचं असतं, हे मला कळेपर्यंत मी महिनाभर स्टीलच्या वाटीचं वजनही भात समजून मोबाइलमध्ये मांडत होतो आणि अर्धपोटी उठत होतो. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजही गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजल्याचा वास आला की त्याच दिवसांतली अकोटची सासुरवाडी आठवते. शेतात निंबाखाली पंगत बसली होती. मी पिशवीतून काटा काढला, अर्धा रोडगा तोलला आणि तूप वाढणाऱ्या मेव्हण्यापुढे हात आडवा धरला. "जवाईबापू, सोनं तोलून राह्यले का?" तो म्हणाला आणि अख्खी पंगत हसली. मीही हसलो, करता काय! वांग्याच्या भाजीवरची तर्री बाजूला सारली, साधं वरण मात्र दोनदा मागून घेतलं. महिनाभरात अन्न इतकं गोड लागलं नव्हतं. मला वाटलं, भुकेचा गुण. हात धुताना बोटांचा ओशटपणा जाईना, तेव्हा मेव्हणा ओरडला, "वाटीभर तूप जिरवलं व्हतं वरणात! मोजा आता!" पुन्हा हशा. गुडघा माझा आणि गंमत त्यांची. परतीच्या एसटीत मी परतवाड्यापर्यंत त्याला शिव्या घालत होतो. बायको खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "त्याले कावून बोलता? तूप मीच घालाले सांगतलं. माह्या भावाच्या दारी तुमी अन्न तोलाले बसले, मले मान वर करता येईना."