गिऱ्हाइकाचे म्हणणे

१९ नोव्हेंबर, रुपये पंचेचाळीस. नोंद क्रमांक ३१२. पोलादी पट्ट्याच्या चार कड्या काढण्याची ही मजुरी. त्या रकमेपुढे घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने तांबड्या शाईने 'बाकी' असे लिहून ठेवले होते. चार महिन्यांनी म्हातारा गेला. नोंद राहिली.

दुकान आता त्याची लेक चालवते. दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकलेली असते म्हणून सगळी गल्ली तिला भिंगताई म्हणते. दुकान एवढेसे, की दोन गिऱ्हाइके आत आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचे. खरे तर ते टेबल भावाकडे जायचे होते. पण भावाच्या हाताला घाम, आणि घामट बोट लागले की पुर्जा आठवड्यात गंजतो. वडिलांनी त्याला तीन महिने पाहिले, मग विमा कंपनीत चिकटवून दिले आणि चिमटा अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिला. आज ती एकोणपन्नास वर्षांची आहे. चिमटा तोच आहे.

बापलेकीचे वाजायचे ते एकाच गोष्टीवरून. वहीत पाच रकाने होते: तारीख, नाव, घड्याळ, गिऱ्हाइकाचे म्हणणे, मजुरी. चौथ्या रकान्यात म्हातारा गिऱ्हाइकाचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेई. 'रात्री मागे पडते, दिवसा ठीक.' 'आपोआप पडले असे नवरा म्हणतो.' 'सासूबाईंचे आहे, नीट नाही झाले तरी चालेल.' भिंगताई त्याला गप्पांचा रकाना म्हणायची. वडील गेल्यावर नवी वही आणली तेव्हा तिने चारच रकाने आखले.

दोन वर्षांनी एका सकाळी मावशी दुकानात आली आणि स्टुलावर बसली. मावशी म्हणजे मोजणीसाहेबांची देखभाल करणारी बाई. साहेब जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा परगावी. नऊ वर्षे मावशीने त्यांचे औषधपाणी केले. साहेब वारले तसा मुलगा सामानाची आवराआवर करायला आला, मावशीच्या मनगटावर वडिलांचे घड्याळ पाहिले आणि सरळ पोलिसात गेला. चोरीचा खटला उभा राहिला होता. जामीन मिळाला, पण दोन घरची कामे सुटली होती. चोरीचा शिक्का बसलेल्या बाईला म्हातारे माणूस कोण सोपवणार?

"साहेबांनी दिलं गं मला. तुझ्या बाबांकडून लहान करून आणलं," मावशी म्हणाली. "आता साक्षीदार दोन, आणि दोघंही वर जाऊन बसले."

भिंगताईने माळ्यावरून जुनी वही काढली. ३१२ व्या नोंदीच्या चौथ्या रकान्यात लिहिले होते: 'साहेब स्वतः आले. म्हणाले, घड्याळ आता माझे नाही, मावशीला दिले. तिच्या मनगटाला बसेल असे करा. पैसे घरी विसरले.'

ती वही घेऊन दोघी मावशीच्या वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाई तरुण, टेबलावर हेल्मेट, त्याच्याशेजारी जेवणाचा डबा. त्यांनी नोंद दोनदा वाचली आणि अडचण समजावून सांगितली. कायदा ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून घेत नाही. जो बोलला त्याला पिंजऱ्यात उभे करून उलटे प्रश्न विचारता आले पाहिजेत. पण मेलेल्या माणसाला समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवणार? म्हणून कायद्याने काही दारे उघडी ठेवली आहेत. आपण कशाने मरतो आहोत हे मरणाऱ्याने सांगितले असेल तर ते चालते. माणसाने रोजच्या धंद्याच्या रीतीने लिहून ठेवलेले चालते. आणि स्वतःचेच नुकसान करणारे काही तो बोलला असेल तर तेही चालते, कारण उगाच कोणी आपल्या पायावर धोंडा पाडून घेत नाही.

"आपल्याला दोन दारं लागणार," वकीलबाई म्हणाल्या. "घड्याळ माझं नाही, हे साहेब स्वतःच्या मालकीविरुद्ध बोलले. ते एक दार. तुमच्या वडिलांनी ते धंद्याच्या रीतीने लिहिलं, हे दुसरं. अक्षर त्यांचंच आहे हे तुम्ही सांगायचं. पण रोजची रीत दाखवायची तर एक पान पुरणार नाही, ताई. अख्खी वही द्यावी लागेल."

भिंगताई लगेच हो म्हणाली नाही. तिला नोंद क्रमांक २८७ आठवली होती. घड्याळ डॉक्टरीणबाईंचे, दुकानाचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्या नोंदीच्या चौथ्या रकान्यात खाली वडिलांनी स्वतःचेच म्हणणे लिहिले होते: 'मूळ चाक माझ्या हातून हरवले. दुसऱ्या घड्याळातले बसवले. सांगितले नाही. मजुरी पूर्ण घेतली. चूक माझी.' चाळीस वर्षे ज्या दुकानाची लोक शपथ खायचे, त्या दुकानाची ही नोंद होती.

संध्याकाळी भाऊ आला. त्याने वही चाळली, कपाळाला हात लावला आणि तोडगा काढला. पान फाटलेच होते म्हणून सांगायचे, जुन्या वह्या फाटतातच. बाबा गेल्यावर त्यांना लबाड ठरवायचे, तेही दुसऱ्याच्या मोलकरणीसाठी? शिवाय शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

"एक पान फाडलं तर उरलेल्या दोनशे पानांवर कोण विश्वास ठेवील?" भिंगताई म्हणाली.

"अगं, धंदा बसेल तुझा."

"बसला तर बसला. तुझ्याकडे विमा काढते."

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. रांगेत आपला नंबर येईपर्यंत बसली आणि आत जाऊन वहीच पुढे ठेवली. डॉक्टरीणबाईंनी वाचले, मनगटाकडे पाहिले आणि त्या हसून म्हणाल्या की घड्याळ अगदी वेळेवर चालते, आत कोणाचे का चाक असेना. भिंगताईने ऐकले नाही. घड्याळ मागून घेतले, मूळ जातीचे चाक तीन आठवडे शोधून आणले, स्वखर्चाने बसवले आणि वडिलांनी घेतलेली मजुरी पाकिटात घालून परत केली. त्याची पावतीही घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बापावर गेली आहेस." ही शाबासकी की टोमणा, हे तिने विचारले नाही.

साक्षीच्या दिवशी तिने दुकानाला कुलूप लावले. पिंजऱ्यात उभे राहून अक्षर वडिलांचे असल्याचे सांगितले. मग सरकारी वकील उठले. त्यांनी वही उंच धरली आणि चौथ्या रकान्याचा मथळा सावकाश वाचला.

"गिऱ्हाइकाचे म्हणणे. म्हणजे हा रकानाच ऐकीव गोष्टींचा. बरोबर?"

"बरोबर," भिंगताई म्हणाली.

कोर्टात थोडे हसू पसरले. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले की घड्याळजीला गिऱ्हाइकाच्या बोलण्याचे काय काम?

ज्या प्रश्नावरून ती तीस वर्षे बापाशी भांडली तोच हा प्रश्न. उत्तर बापाने इतक्या वेळा दिले होते की तिला शब्द शोधावे लागले नाहीत.

"घड्याळ बोलत नाही, बाईसाहेब. त्याला काय झालं आणि काय करायचं, हे गिऱ्हाईकच सांगतं. आपल्या मनाचं लिहिलं तर काम चुकतं. म्हणून बाबा ऐकलं तेच लिहायचे. प्रत्येक घड्याळाला, त्याच वेळी, गिऱ्हाईक समोर असताना."

सरकारी वकिलांनी पाने उलटली. व्हायचे तेच झाले. २८७ वर त्यांचे बोट थांबले. त्यांनी नोंद मोठ्याने वाचली आणि विचारले, "म्हणजे तुमचे वडील गिऱ्हाइकाला फसवत होते?"

मागच्या बाकावर बसलेल्या भावाने मान खाली घातली.

"त्या दिवशी फसवलं," भिंगताई म्हणाली. "आणि तसं लिहून ठेवलं. चाक मी बदलून दिलं आहे, ही पावती. बाबांना खोटंच लिहायचं असतं तर त्यांनी आधी ही नोंद गाळली असती."

न्यायाधीशबाईंनी वही मागून घेतली आणि बराच वेळ वाचली. एकदा हसू दाबल्यासारखे त्यांनी तोंडावर हात घेतला. बहुतेक सासूबाईंच्या घड्याळापाशी पोचल्या असाव्यात.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. वही धंद्याच्या नित्याच्या रीतीने लिहिलेली आहे, आणि लिहिणाऱ्याने स्वतःची चूकही लपवलेली नाही, असे त्यात म्हटले होते. मावशी सुटली. मुद्देमालात जमा झालेले घड्याळ तिला परत मिळाले. ते बंद पडले होते. भिंगताईने साफ करून चालू करून दिले. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मावशीला आपल्या आईच्या देखभालीला ठेवले.

भिंगताईने नवी वही आणली आणि त्यात पाच रकाने आखले.

मावशी पंचेचाळीस रुपये द्यायला आली, तेव्हा ते तिने घेतले नाहीत. काम साहेबांनी सांगितले होते, म्हणजे येणे साहेबांच्या वारसाकडून होते. तिने मुलाच्या पत्त्यावर रीतसर बिल पाठवले, मग स्मरणपत्र. उत्तर आले नाही.

नोंद क्रमांक ३१२, रुपये पंचेचाळीस, अजून बाकी आहे.