आम्ही रंगवलेला दगड

लाल रंगाचा डबा आम्ही नंदुरबारच्या बाजारातून घेतला. चहूकडे मिरच्यांच्या पथाऱ्या, त्यांच्यामधून खोकत खोकत मी तो डबा घेऊन चाललो होतो. मनात आलं, या गावात येऊन लाल रंग विकत घेणारे शहाणे आम्हीच पहिले.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं. आता ज्याला नंदुरबार जिल्हा म्हणतात तो भाग तेव्हा पश्चिम खानदेशात होता. मी नंदुरबारला मास्तरकीचं शिक्षण घेत होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तळोद्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी लष्करानं तोफांचा सराव केला होता. युद्ध संपलं, सैनिक गेले, न फुटलेले गोळे मातीत राहिले. ते नांगराला लागत, पावसानं उघडे पडत, आणि कधी कधी फुटत. गावोगाव जाऊन लोकांना याबद्दल शिकवणारा सेवाभावी माणसांचा एक गट होता. सुट्टीत मी त्यांच्यात सामील झालो. वडील तापीकाठचे गुजर, केळी आणि कापूस यांच्यापलीकडे जग न मानणारे. ते म्हणाले, "घरनी केळी कापाले मानूस नही, आन हाऊ चालना डोंगरम्हा गोळा शिकाडाले!"

आम्ही तिघे असायचो. गटाचे प्रमुख पुण्याचे, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. दुसरा मी. तिसरा जंगलखात्याचा गार्ड. तो आमच्याशी अहिराणीत बोलायचा आणि पाड्यांवरच्या लोकांशी त्यांच्या भिलीत. गुरुजींचं एक वाक्य झालं की गार्डची दहा होत. गुरुजी म्हणायचे, "गोळ्याला हात लावू नका." एवढ्यावर गार्ड हातवारे करत, डोळे मोठे करत इतकं काही सांगायचा की गुरुजी अस्वस्थ होऊन मला विचारायचे, "हा नक्की काय सांगतोय?" मला भिली कुठं येत होती! मी मान हलवायचो.

माझ्याकडे तळोद्याच्या सुताराकडून करवून घेतलेला लाकडी गोळा असे. तो उंच धरायचा, फिरवून दाखवायचा, खाली ठेवायचा. पहिल्या गावात मनगटापासून हात नसलेला एक माणूस समोर बसला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढं पुढं तशी माणसं जवळपास प्रत्येक पाड्यावर भेटली, आणि मी त्यांच्यासमोर बसून मिरचीचा ठेचा दुसऱ्यांदा मागून घेऊ लागलो. आत काहीतरी बधिर झालं होतं. वाईट वाटायला हवं हे कळायचं, पण वाटायचं नाही. गोळा उचलला, फिरवला, ठेवला. पुढचं गाव.

अशाच एका पाड्यावर ती बाई होती. गार्ड तिला याहा म्हणायचा, म्हणजे आई. तिचा मुलगा पेरणीच्या आधी नांगरताना गेला होता. नांगर गोळ्यावर आपटला. त्याच शेतात थोडं पुढं दुसरा गोळा अर्धा उघडा पडलेला होता. शेत पडीकच राहिलं, गवत वाढलं. आमच्या शिकवणीला ती सगळ्यांत पुढं येऊन बसली. माझ्या लाकडी गोळ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

गोळा काढायला लष्कराची माणसं येणार होती, पण कधी ते कुणी सांगेना. तोवर खूण हवी, म्हणून तो रंगाचा डबा. मी विचारलं, "लालच कशाला?" गुरुजी म्हणाले, "लाल म्हणजे धोका. आगगाडीला कळतं, मग माणसाला कळणार नाही?" त्या पाड्यावर आगगाडी पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. ओढ्यातला एक गोल दगड आणून मी रंगवला. गोळ्याच्या अलीकडे, गवतात सावकाश पाय टाकत गुरुजींनी स्वतःच्या हातानं तो ठेवला.

गार्ड त्या दिवशी तळोद्याला गेला होता, त्यामुळं सांगायला कुणी नव्हतं. पाडा बांधावर जमलेला. गुरुजी शेतातून बाहेर आले, दगडाकडे बोट केलं, आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "बंधूंनो, एवढी विनंती ऐका." विनंती करताना हात जोडायची त्यांना सवय होती. त्यांनी दगडाकडे पाहत हात जोडले. लोकांनीही जोडले. गुरुजींना फार बरं वाटलं. "समजूतदार लोक आहेत," असं ते परतीच्या वाटेवर म्हणत होते.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या बाजूला गेलो. मी आणि गार्ड पुढं होतो, गुरुजी मागं बैलगाडीत. शेताच्या बांधाशी आलो तेव्हा गवतात लाल दगड दिसला, आणि मी चपला काढून हात जोडले. असा दगड दिसला की लहानपणापासून हात आपोआपच जुळतात.

गार्ड हसायलाच लागला. "मास्तर, पाया काय पडी ऱ्हायनात? तुम्हीच रंगाडेल दगड शे तो!"

मीही हसलो. आणि हसता हसता दोघंही थांबलो. गवतातून थेट दगडापर्यंत पायवाट पडली होती. आम्ही लावलेला रंग दिसतही नव्हता, त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचे जाड थर होते. पुढं नारळाच्या करवंट्या, कोंबडीची पिसं, तांदूळ, आणि जाळ केल्याची राख. गोळा होता तिथंच होता, राखेपासून हातभर अंतरावर.

तिथं नारळ फोडत होते. शेजारी जाळ करत होते. मला भीती वाटायला हवी होती. मी नुसता पाहत राहिलो आणि डोक्यात एवढंच आलं, की शेंदूर चांगला बसलाय.

याहा आली. रोज यायचीच ती. गार्ड तिच्याशी पुष्कळ बोलला, हात नाचवून, घसा कोरडा होईस्तोवर. गाडी आली तसे गुरुजी उतरले आणि सगळं कळल्यावर खालीच बसले. मग उठून म्हणाले, "मी आत्ता तो दगड उचलून ओढ्यात टाकतो."

गार्डनं तिला काय सांगितलं कोण जाणे. तिचं उत्तर त्यानं आम्हाला दिलं, "ती म्हनी ऱ्हायनी, देव तुम्हीनच दिधा. दिधेल देव कोनी परत ल्हेस का?"

गुरुजींनी पुढं टाकलेला पाय मागं घेतला. मला त्यांचा राग आला, कीवही आली. तिच्या दृष्टीनं सगळं सरळ होतं. पोरगा गेला त्या जागी कुणी फिरकत नव्हतं. पांढऱ्या कपड्यातला माणूस आला, त्यानं तिथं देव बसवला, हात जोडले. आता सगळा पाडा तिथं येत होता, तिच्या मुलासाठी नारळ फोडत होता.

शेवटी मार्ग गार्डनंच काढला. देव टाकायचा नाही, पाड्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली न्यायचा. तिथं त्याला ओटा बांधू, सगळे येतील, म्हाताऱ्यांनाही येता येईल. तिनं वळून त्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, नेईन तर मीच नेईन.

गुरुजी नको नको म्हणत पुढं झाले. तिनं त्यांना हातानं मागं सारलं आणि निघाली. आम्ही तिघे पुरुष बांधावर उभे. ती रोजच्या पायवाटेनं आत गेली, घाई नाही की भीती नाही. दगडापुढं वाकली, पदर खोचला, दोन्ही हातांनी तो हलवून मोकळा केला. दगड एकदा तिच्या हातातून सटकला आणि गोळ्याच्या बाजूला कलंडला. गार्डनं माझं मनगट इतकं आवळलं की बोटांचे वळ उठले. तिनं दगड पुन्हा उचलला, डोक्यावर घेतला आणि आली तशी परत आली.

मोहाखाली पोचल्यावर तिनं तो माझ्याकडे दिला, जागा झाडून होईपर्यंत धरायला. उन्हानं दगड तापला होता. शेंदूर माझ्या सदऱ्याला लागला. तिनं जमीन झाडली, पाणी शिंपडलं, आणि झाडताझाडताच, माझ्याकडे न बघता काहीतरी विचारलं.

 गार्ड म्हणाला, "ती पूसी ऱ्हायनी, हाऊ दगड तवय तठे ऱ्हाता, ते तिना पोऱ्या थांबता का?"

दगड तेव्हा तिथं असता तर तिचा मुलगा थांबला असता का.

मला तो मुलगा दिसला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी दिसला. नांगर उभा करून, बैलांना तसंच सोडून, हात जोडत तो दगडाकडे चालत येत होता. दगडाच्या पुढं, गोळ्याच्या अगदी जवळ.

"थांबला असता," मी म्हणालो.

गार्डनं माझ्याकडे पाहिलं. दरवेळी आमच्या एका वाक्याची दहा करणारा तो माणूस, त्यानं तिला एकच शब्द सांगितला. तिनं मान हलवली, माझ्या हातातून दगड घेतला आणि जागेवर बसवला. माझे हात रिकामे झाले. मी तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडलो. तिला वाटलं माझ्या अंगात देव आला. तिनं बोटानं दगडावरचा शेंदूर घेतला आणि माझ्या कपाळाला लावला.