निघताना जाऊन आलेली सून

आमच्याकडच्या बायका दवाखान्यात यायला निघाल्या की आधी लघवीला जाऊन येतात. परक्या ठिकाणी ‘कुठं जायचं’ हे विचारायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं! त्यासाठी एसटीत पाण्याचा घोटही घेत नाहीत. मला याचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो.

रत्नागिरीत मी दवाखाना थाटला, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. सकाळच्या गाडीने मालगुंडहून एक सासू सुनेला घेऊन आली. सून पांढरीफटक, ओटीपोट दाबून वाकलेली. नवरा बोटीवर नोकरीला, सुट्टी संपवून नुकताच गेलेला. मला शंका आली, गर्भ गर्भाशयाऐवजी बाजूच्या नलिकेत राहून ती फुटली असणार. तसं असेल तर आत रक्त साचत होतं.

सोनोग्राफीचं चाकांवरचं मशीन खाटेपाशी ढकलत आणलं. पडद्यावर नुसता धुरळा! लघवीची पिशवी भरलेली असली तर तिच्यातून मागचं स्वच्छ दिसतं. हिची पार रिकामी.

"अगं, लघवीला कधी गेली होतीस?"

"मीच धाडली," सासू म्हणाली. "निघताना, नि हितं उतरल्यावर पन. काय दिसत नाय ना? मंग वारा धरला असंल पोटात. दुपारची गाडी गाठताव आमी."

"गाडी कसली गाठताय!" मी कडाडले. "वाटेत जीव जाईल पोरीचा."

पण खरं सांगते, माझीच खात्री होत नव्हती. दिसत नाही म्हणून रक्त नाहीच, असं कसं म्हणायचं? आणि काही न दिसताच पोट उघडायचं?

शेवटी लघवीच्या वाटेने बारीक रबरी नळी घालून पिशवीत सलाइन सोडलं. पिशवी फुगत गेली तसं चित्र उघडलं. गर्भाशय रिकामं, आणि त्याच्यामागे काळं डबकं साचलेलं. सासूला बोट ठेवून दाखवलं. "हे रक्त. आत वाहतंय."

तिने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. "माज्याच हातानं घालवीत होते गो बाय तुला!"

लगेच ऑपरेशन केलं. पोरगी वाचली.

घरी सोडलं त्या दिवशी बाहेरची बाकं बायका-पुरुषांनी खच्चून भरलेली. सासूने सुनेला समोर बसवून तांब्याभर पाणी पाजलं. मग तिचा हात धरून मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डाक्टरीण बाय, हिला लघवीला जायचंय. कुटं जायचं?"

सून लाजून चूर झाली. मी हातानेच दार दाखवलं.