लहान देश हाय, पण पुरतो

रामजीकाका कधी बसायचे नाहीत. अमेरिकेत, श्रूजबरीच्या आमच्या घरी सहा वर्षं ते दर रविवारी जेवायला आले, पण जेवले ते ओट्याशी उभं राहून, अंगात कोट आणि पायात बूट. मी नागपूरची. पाहुणा नीट बसून जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. "काका, टेका की जरा!" म्हटलं की म्हणायचे, "आयो पोरी, सिक्लोन येतो तेव्हा बसलेला माणूस मागे राहतो."

हे वादळाचं वेड मॉरिशसचं. काका तिथले मराठी. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला गेले, तिथल्या कारकुनाने त्यांचं नावच आडनाव म्हणून लिहून टाकलं आणि अख्खं घराणं रामजी झालं. माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात काका लेथवर होते. ऐंशीच्या दशकातल्या त्या अमेरिकेत हा देश कुणाच्या गावीही नव्हता. कुणी "वेअर इज दॅट?" विचारायचा अवकाश, काका जवळची खिडकी गाठायचे, काचेवर तोंडाची वाफ सोडायचे आणि बोटाने एक वाकडं अंडं काढायचे.

"हा पोर्ट लुई, इथे बोटी. मधे डोंगर, ज्वालामुखीचे. बाकी सगळा ऊस. राणी इंग्लंडची, पेपर फ्रेंच, बडबड क्रिओल आणि गणपती आमचा! सकाळी देश बघायला निघालास, तर जेवायला घरी. लहान देश हाय, पण पुरतो."

त्या नकाशात एकच गोष्ट नसायची, त्यांचं गाव. मी एकदा विचारलं, तर बोट मागे घेऊन म्हणाले, "तिथे टिंब दिलं की निघावंसं वाटतं." गावात त्यांची म्हातारी आई एकटी होती. इथे ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला. मधेच देश सोडलात तर अर्ज संपला, असं वकिलाने बजावलं होतं. आईची निळी पत्रं यायची, कुणाकडून तरी लिहून घेतलेली: केव्हा येतोस? ते पत्र खिशात घालून काका माझ्या स्वयंपाकघरात येरझारा घालायचे. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला काका कधी आले नव्हते; तो शनिवारी असायचा आणि शनिवारी त्यांची शिफ्ट. शेवटच्या वर्षी मात्र आले. शाळेच्या जिममध्ये आरती झाली, काकांचा आवाज सगळ्यांच्या वर. मग आमच्या सेक्रेटरीबाईंनी मूर्तीवर पळीभर पाणी शिंपडलं, ती फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि खोक्यात भरली.

"समुद्रावर कधी नेणार?" काकांनी विचारलं.

"अहो काका, इथे अलाऊड नाहीये ना! आणि दरवर्षी इंडियातून नवी मूर्ती कोण कॅरी करणार? आमच्या बेसमेंटमध्ये ठेवतो. एकदम सेफ असते."

काकांनी खोक्यावर हात ठेवला. "म्हणजे बाप्पाचे पण पेपर अडकले."

सगळे हसले. मीही हसले. काका हसले नाहीत.

पुढच्या रविवारी ते एक बॅग घेऊनच आले. "आमच्याकडे बाप्पा मातीचा असतो. आला की जातोच. मी आज निघतो."

नवरा उखडला. "काका, सहा वर्षं वेट केलंत, आता थोडक्यासाठी सगळं कॅन्सल करणार? परत येता येणार नाही!"

काका वाद घालत बसले नाहीत. कुकरच्या वाफेने ओट्यासमोरची काच धुरकटली होती, तिच्यावर त्यांनी अंडं काढलं. मग खाली, डाव्या बाजूला, समुद्राच्या अगदी कडेला बोट टेकवून टिंब दिलं. वरणभात संपवला, उभ्यानेच, आणि गेले.

रोज ओटा घासणारी मी, ती काच काही पुसली नाही. हिवाळाभर कुकर लावला की वाफ धरायची आणि टिंबासकट तो देश परत दिसायचा. तो दिसला की मला धाकधूक व्हायची. ते वेळेत पोहोचले असतील का?

पत्र फेब्रुवारीत आलं. चार ओळींचं.

"पोरी, आई हाय. मला ओळखलं. आता माझा हात सोडत नाय, म्हणून अक्षर वाकडं. तिच्या खाटेवर बसून लिहितो."